६४० केबीची हद्द आणि मराठीचे कार्ड

पीसीच्या पहिल्या दशकातले मशीन सुरू केले की ते आधी आपली मेमरी मोजायचे. काळ्या पडद्याच्या कोपऱ्यात आकडा चढत जायचा आणि ‘६४० केबी ओके’ असे लिहून थांबायचा. मग एक बीप, आणि डॉस हजर. आत आणखी चिप बसवलेल्या असल्या तरी डॉसच्या लेखी त्या नसल्यातच जमा. आज साध्या मोबाइलमध्येही त्याच्या काही हजार पट मेमरी असते, म्हणून हा आकडा पोरकट वाटतो. पण १९८१ पासून पुढची बारा-चौदा वर्षे जगभरच्या हिशेबनिसांनी, प्रोग्रामरांनी आणि कचेऱ्यांनी याच ६४० च्या आत संसार केला. त्यातून बाहेर पडायच्या ज्या वाटा निघाल्या त्यांतली एक अमेरिकेतली. तिच्यावर भरपूर लिहिले गेले. दुसरी कानपूरहून पुण्याला आली आणि तिच्यावर मराठीत फारच कमी लिहिले गेले. दोन्हींमागची युक्ती मात्र एकच होती. मशीनच्या आत मावत नाही ना, मग मागच्या खाचेत एक कार्ड खोचा.

हद्द आखली गेली ती १२ ऑगस्ट १९८१ ला. त्या दिवशी आयबीएमने आपला पहिला पीसी, ५१५०, जाहीर केला. फ्लोरिडातल्या बोका रॅटन इथे डॉन एस्ट्रिज यांच्या छोट्या चमूने तो जेमतेम वर्षभरात जुळवला होता. वेळ थोडा, म्हणून बहुतेक भाग बाहेरून घेतलेले. प्रोसेसर इंटेलचा ८०८८, डॉस मायक्रोसॉफ्टचे. ८०८८ ला पत्ता सांगायच्या तारा २० होत्या. वीस तारांवर १०,४८,५७६ पत्ते सांगता येतात, म्हणजे बरोबर १ एमबी. त्याहून जास्त मेमरी लावली तर ती प्रोसेसरच्या हाकेच्या टप्प्याबाहेर. या एका एमबीतले खालचे ६४० केबी आयबीएमने प्रोग्रामना दिले. वरचे ३८४ केबी मशीनच्या स्वतःच्या कामासाठी राखले: पडद्यावरचा मजकूर, रॉम आणि पुढेमागे कुणी लावील ती कार्डे.

हा निर्णय वेडगळ नव्हता. त्या वेळच्या लहान मशीनना एकूण ६४ केबी म्हणजे चैन वाटे, आणि आयबीएमचे स्वतःचे सगळ्यात स्वस्त मॉडेल १६ केबीवर विकले जाई. त्या मानाने ६४० म्हणजे दहापट. ‘६४० केबी कुणालाही पुरेत’ हे वाक्य बिल गेट्स यांच्या नावावर खपवले जाते. आपण असे कधी बोललोच नाही, हे त्यांनी अनेकदा सांगितले आहे. शिवाय ही रेघ आयबीएमने आखलेली. मायक्रोसॉफ्टच्या वाट्याला ती सांभाळायचे काम आले.

दोन वर्षे झाली नाहीत तोच ही जागा अपुरी पडू लागली, आणि ती अपुरी पाडली हिशेबनिसांनी. जानेवारी १९८३ मध्ये लोटस १-२-३ बाजारात आले. हे स्प्रेडशीट भन्नाट वेगाने चालायचे, कारण ते अख्खा तक्ता मेमरीतच ठेवायचे, दर वेळी फ्लॉपीकडे धावायचे नाही. वेग देणारी हीच गोष्ट त्याच्या मुळावर आली. तक्ता वाढत गेला की एका क्षणी पडद्यावर ‘मेमरी फुल’ असे यायचे आणि काम तिथेच अडायचे. ज्या कंपन्यांनी केवळ १-२-३ साठी पीसी घेतले होते त्यांचाच हा खोळंबा. आणि हे गिऱ्हाईक पैसे मोजायला तयार होते, ही गोष्ट पुढच्या सगळ्या घडामोडींत महत्त्वाची ठरली.

दुसरी अडचण डॉसच्या स्वभावातच होती. डॉस एका वेळी एकच काम करायचे. पत्र लिहिताना आकडा पाहायचा तर पत्र सेव्ह करा, वर्डस्टारमधून बाहेर या, १-२-३ चालू करा, आकडा कागदावर उतरवा आणि पुन्हा उलटा प्रवास. यावर बोरलँडने १९८४ मध्ये साइडकिक आणले. एकदा चालू केले की ते मेमरीत दबा धरून बसायचे आणि दोन कळा एकदम दाबल्या की हातातल्या प्रोग्रामवर कॅल्क्युलेटर, वही, पंचांग उघडून द्यायचे. लोकांना ते इतके आवडले की असले ‘रेसिडेंट’ प्रोग्राम पेवासारखे फुटले. पण दबा धरून बसायला जागा लागते, आणि ती त्याच ६४० मधून जायची.

मग जास्त ताकदीचा प्रोसेसर का वापरला नाही? तो होता. इंटेलचा ८०२८६ फेब्रुवारी १९८२ मध्येच आला होता, त्याला १६ एमबीपर्यंत मेमरी दिसायची, आणि ऑगस्ट १९८४ मध्ये आयबीएमने त्यावर बेतलेले एटी मॉडेल काढले. पण ही जास्तीची मेमरी वापरायची तर प्रोसेसरला ‘प्रोटेक्टेड’ अवस्थेत न्यावे लागे, आणि त्या अवस्थेत डॉसचे प्रोग्राम चालत नसत. बरे, एकदा तिकडे गेला की ८०२८६ ला परतीची वाटच ठेवलेली नव्हती. परत आणायचे तर प्रोसेसर रीसेट करायचा. आणि एटीमध्ये हे रीसेटचे काम कुणाकडे, तर कीबोर्डचा कारभार पाहणाऱ्या चिपकडे. इतक्या खटपटीपेक्षा एटी घेणाऱ्या बहुतेकांनी ते ‘वेगवान पीसी’ म्हणूनच वापरले. वरची मेमरी असूनही सावत्रच राहिली.

नवी पद्धत आणायची तर लोकांनी विकत घेतलेले प्रोग्राम टाकून द्यावे लागणार होते, आणि ते कुणीही टाकणार नव्हते. त्या दशकातला प्रत्येक उपाय वाकडा का निघाला याचे कारण हेच, असे मला वाटते. अभियंत्यांना सरळ रस्ता ठाऊक होता. पण त्या रस्त्यावर गिऱ्हाईक नव्हते.

१९८५ च्या वसंतात लोटस आणि इंटेल एकत्र आले. एकाचा प्रोग्राम अडला होता, दुसऱ्याला चिप आणि कार्डे विकायची होती. थोड्याच दिवसांत मायक्रोसॉफ्टही सामील झाले आणि सप्टेंबर १९८५ मध्ये तिघांच्या आद्याक्षरांवरून ओळखले जाणारे लिम ईएमएस ३.२ हे तपशीलपत्र निघाले. ईएमएस म्हणजे एक्सपांडेड मेमरी. कल्पना अशी: एका कार्डावर ८ एमबीपर्यंत मेमरी बसवायची. प्रोसेसरला ती थेट दिसणार नाहीच. पण वरच्या राखीव ३८४ केबीत ६४ केबीची एक रिकामी जागा शोधायची, तिचे १६-१६ केबीचे चार भाग करायचे, आणि कार्डावरच्या हव्या त्या पानाला त्या चारांपैकी एका जागी ‘दाखवायचे’. तलाठ्याच्या टेबलावर एका वेळी चारच वह्या उघड्या मावतात, बाकीचे दप्तर कपाटात. दुसऱ्या गावचे काम निघाले की एक वही कपाटात जाते, दुसरी टेबलावर येते. टेबल वाढत नाही, पण काम अख्ख्या दप्तराचे होते. फरक इतकाच की कार्डावर काहीही उचलून ठेवायचे नसते. कार्डातल्या एका नोंदीत पानाचा क्रमांक बदलला की तोच पत्ता दुसऱ्या पानाकडे बोट दाखवू लागतो, तेही क्षणार्धात.

इंटेलने ‘अबव्ह बोर्ड’ नावाचे कार्ड काढले, एएसटी आणि इतर कंपन्याही मैदानात उतरल्या. १-२-३ चे तक्ते मोठे झाले, हिशेबनीस खूश झाले. पण या पद्धतीत मेमरीत फक्त माहिती ठेवता यायची. प्रोग्राम स्वतः त्या चार पानांतून चालवणे म्हणजे पायाखालची फळी बदलत चालण्यासारखे जिकिरीचे. इथे एएसटी, क्वाड्रॅम आणि डीबेस हा नोंदी सांभाळणारा प्रोग्राम विकणारी अॅश्टन-टेट यांनी लिमच्या पुढचे पाऊल टाकले. त्यांच्या सुधारित पद्धतीत खिडकी ६४ केबीवर अडकून राहिली नाही. ती खालच्या ६४० मध्येही उघडता येऊ लागली. मदरबोर्डावर २५६ केबीच ठेवायचे आणि उरलेली जागा कार्डावरच्या मेमरीने भरायची. मग तो सगळा पट्टा एका झटक्यात बदलता येतो: आत्ता तिथे वर्डस्टार, पुढच्या क्षणी तिथेच १-२-३, दोघेही आपापल्या जागी अर्धवट काम घेऊन थांबलेले. ऑगस्ट १९८७ च्या लिम ईएमएस ४.० मध्ये ही गोष्ट सर्वमान्य झाली आणि मर्यादा ३२ एमबीवर गेली.

हीच डॉसवरच्या मल्टिटास्किंगची किल्ली. प्रोग्राम बदलण्यासाठी लाखभर बाइट इकडून तिकडे वाहून न्यायचे तर ८०८८ दमून जायचा. नुसते पानांचे क्रमांक बदलायचे तर काहीच वेळ लागत नाही. ही किल्ली सगळ्यात चांगली वापरली ती कॅलिफोर्नियातल्या क्वार्टरडेक या छोट्या कंपनीने. टेरिस मायर्स आणि गॅरी पोप यांच्या या कंपनीचे डेस्कव्ह्यू १९८५ च्या जुलैत आले. आयबीएमचे टॉपव्ह्यू त्याच वर्षी त्याच कामासाठी बाजारात होते आणि पडले. मायक्रोसॉफ्टचे पहिले विंडोज नोव्हेंबर १९८५ मध्ये आले आणि कुणी फारसे मनावर घेतले नाही. डेस्कव्ह्यूने शहाणपणा हा केला की लोकांना नवे प्रोग्राम घ्यायला लावले नाहीत. असलेलेच प्रोग्राम वेगवेगळ्या चौकटींत बसवले आणि प्रोसेसरचा वेळ थोडा थोडा प्रत्येकाला वाटला. एका चौकटीत डीबेस हजारो नोंदी क्रमाने लावत बसले आहे आणि माणूस दुसऱ्या चौकटीत पत्र लिहितो आहे, हे दृश्य १९८७ च्या डॉसवाल्याला जादूसारखे होते.

या जादूला नजर लागली ती बाजाराची. १९८६ मध्ये अमेरिका आणि जपान यांच्यात सेमीकंडक्टरचा करार झाला, पुढे मेमरी चिपची टंचाई आली आणि १९८८ मध्ये भाव कडाडले. मोठ्या मेमरीवर बेतलेले बेत अनेकांनी पुढे ढकलले. तोवर इंटेलच्या ८०३८६ ने कार्डाची गरजच संपवत आणली होती. ऑक्टोबर १९८५ मध्ये जाहीर झालेला आणि सप्टेंबर १९८६ मध्ये कॉम्पॅकने पहिल्यांदा पीसीत बसवलेला हा प्रोसेसर पाने बदलायचे काम स्वतःच करायचा, आणि वर एकाच वेळी अनेक ‘खोटे ८०८६’ उभे करून प्रत्येकात एकेक डॉस प्रोग्राम चालवायचा. आता मशीनमधल्या साध्या मेमरीलाच एक्सपांडेडचे सोंग देता येऊ लागले. क्वार्टरडेकचे क्यूईएमएम आणि मायक्रोसॉफ्टचे ईएमएम३८६ हेच करत.

जून १९९१ मध्ये आलेल्या डॉस ५ ने हा खटाटोप सामान्य माणसाच्या हातात दिला, आणि त्याबरोबर एक नवी डोकेदुखीही. कॉन्फिग.सिस या फायलीत हायमेम.सिस, त्याखाली ईएमएम३८६, मग ‘डॉस=हाय’ अशा ओळी एकाखाली एक लिहायच्या. डॉसचा बराच भाग एक एमबीच्या वर सापडलेल्या ६४ केबीला १६ बाइट कमी इतक्या चिंचोळ्या पट्टीत ढकलायचा. माउसचा ड्रायव्हर वरच्या राखीव भागातल्या भेगांत कोंबायचा. मग ‘मेम’ असे टाइप करून पाहायचे. पहिली ओळ कायम तीच, ६,५५,३६० बाइट. बघायची ती खालची ओळ: सगळ्यात मोठा प्रोग्राम किती बसेल. ५ लाख ६० हजारांचे ६ लाख झाले की माणूस कॉलर ताठ करून चहाला जायचा. ओळींचा क्रम चुकला तर मशीन सुरूच व्हायचे नाही, म्हणून जवळ एक सिस्टिम फ्लॉपी ठेवण्याची रीत होती.

आता आपल्याकडे वळू. कारण हा सगळा गाजावाजा चालू असताना मराठवाड्यात पीसी हीच दुर्मीळ वस्तू होती. आयबीएमने १९७८ मध्ये भारत सोडला होता. १९ नोव्हेंबर १९८४ ला राजीव गांधी सरकारने नवे संगणक धोरण जाहीर केले, सुटे भाग आणणे सोपे केले, आणि एचसीएल, विप्रो, मुंबईची झेनिथ अशा कंपन्यांची देशी मशीन दिसू लागली. नांदेडला गुरू गोविंदसिंहजी अभियांत्रिकी महाविद्यालय १९८१ पासून होते, एमजीएमचे १९८४ मध्ये सुरू झाले. कॉम्प्युटर असायचा तो वातानुकूलित खोलीत, पडदे लावून, आणि चपला दाराबाहेर. भारनियमनाच्या वेळा पाहून काम करायचे आणि स्टॅबिलायझरची टकटक ऐकत सेव्ह करायचे. हदगावसारख्या तालुक्याच्या गावात, विदर्भाच्या शिवेवर, यंत्र म्हटले की टायपिंग इन्स्टिट्यूटमधले मराठी टाइपरायटर. ३० आणि ४० शब्दांच्या सरकारी परीक्षेची पोरे सकाळपासून रांगेत.

अशा ठिकाणी अमेरिकेचा प्रश्नच उलटा होतो. तिथे एका माणसाला एका मशीनवर अनेक कामे करायची होती. इथे एका मशीनवर अनेक माणसांना बसायचे होते. म्हणून मल्टिटास्किंग आपल्याकडे डेस्कव्ह्यूच्या वाटेने आलेच नाही, ते युनिक्सच्या वाटेने आले. बँकांचे उदाहरण घ्या. मराठवाड्यातल्या खेड्यांचा पैसा प्रामुख्याने निजामाच्या काळात सुरू झालेल्या स्टेट बँक ऑफ हैदराबादकडे आणि १९७६ मध्ये स्थापन होऊन नांदेडला मुख्यालय असलेल्या मराठवाडा ग्रामीण बँकेकडे होता. शाखेत भल्यामोठ्या लेजर वह्या, आणि संध्याकाळी ताळा जमला नाही तर दिवे लागले तरी कुणी घरी जायचे नाही. बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांचा यंत्रांना विरोध होता. नोकऱ्या जातील ही भीती उगाच नव्हती. १९८३ मध्ये संघटनांशी मर्यादित यांत्रिकीकरणाचा करार झाला, सी. रंगराजन यांच्या समितीने १९८४ मध्ये दिशा ठरवली आणि १९८९ मध्ये दुसऱ्या अहवालाने ती रुंद केली. देशभरच्या शाखांत मग जो साचा रूढ झाला तो असा: मागच्या खोलीत एक ८०३८६ चे मशीन, त्यावर युनिक्स किंवा झेनिक्स, मशीनच्या खाचेत एक मल्टिपोर्ट कार्ड, आणि त्या कार्डातून निघालेल्या वायरींच्या टोकाला काउंटरवरचे हिरव्या अक्षरांचे टर्मिनल. टर्मिनलमध्ये स्वतःचा मेंदू नव्हता. सगळे खातेदार, सगळे कारकून, एकाच प्रोसेसरच्या वेळेचे वाटेकरी. युनिक्सला ६४० ची हद्द माहीतच नव्हती, कारण त्याने डॉसच्या जुन्या प्रोग्रामचे ओझे घेतलेले नव्हते. म्हणजे आपल्याकडे जुनी गुंतवणूक नव्हती, हीच आपली सोय झाली.

पण एक गुंतवणूक जुनी होती, आणि ती डॉसच्या मुळीच ध्यानात नव्हती. ती म्हणजे देवनागरी.

पीसीचा मजकुराचा पडदा ८० रकाने आणि २५ ओळींचा. एकूण २,००० घरे, प्रत्येकाला दोन बाइट: एक अक्षराचा, एक रंगाचा. ही ४,००० बाइटची पट्टी त्याच वरच्या राखीव ३८४ केबीत बसते. प्रोग्राम तिथे अक्षराचा क्रमांक टाकतो आणि डिस्प्ले कार्ड ते घर रंगवते. अक्षरे २५६, सगळी सारख्या रुंदीची, घराबाहेर कुणी डोकावायचे नाही. यात ‘क्षेत्र’ लिहून पाहा. साठवायला क, हलन्त, ष, एकार, त, हलन्त, र अशी सात चिन्हे. डोळ्यांना दोन अक्षरे. एकार वर चढणार, रकार खाली उतरणार, क आणि ष यांचा मिळून तिसराच आकार होणार. हे डॉस प्रोग्रामच्या आत करायचे तर प्रत्येक प्रोग्राम नव्याने लिहावा लागेल आणि अक्षरांचे साचे ६४० मधली जागा खातील. डीबेस मराठीत नव्याने लिहायला कोण बसणार होते?

कानपूरच्या आयआयटीत प्रा. आर. एम. के. सिन्हा यांच्याकडे मोहन तांबे यांनी या प्रश्नाला हात घातला. १९८३ मध्ये दिल्लीला भरलेल्या तिसऱ्या विश्व हिंदी संमेलनात त्यांच्या गटाचे देवनागरी टर्मिनल लोकांनी पाहिले. मार्च १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाले. प्रमुख डॉ. विजय भटकर, अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे. सी-डॅकचे नाव झाले ते परम या महासंगणकामुळे. १९९१ च्या परम ८००० मध्ये एका प्रोसेसरचा वेळ वाटण्याऐवजी पुष्कळ प्रोसेसर एका कामाला जुंपले होते. पण त्याच संस्थेत तांबे यांचा जिस्ट गट आला, आणि सामान्य कचेरीच्या दृष्टीने पाहिले तर परमपेक्षा जिस्टचे देणे मोठे, असे माझे मत आहे.

जिस्ट कार्ड पीसीच्या खाचेत बसायचे. साचे, जोडाक्षरांचे नियम, मात्रा कुठे लागायची ते ज्ञान, सगळे कार्डावर. डीबेस, लोटस, वर्डस्टार यांना काही सांगायचे नाही. ते नेहमीसारखे एक-एक बाइट टाकत राहणार. इंग्रजी अक्षरांचे क्रमांक १२७ पर्यंत संपतात, वरच्या १२८ जागांवर भारतीय लिपींची चिन्हे. कार्ड ती वाचून पडद्यावर ‘क्षेत्र’ जोडून दाखवणार. कॅप्स लॉक दाबले की कळफलक मराठी, पुन्हा दाबले की इंग्रजी. डावीकडे स्वर, उजवीकडे व्यंजने हा इनस्क्रिप्टचा आराखडा १९८६ मध्ये ठरला होता. टाइपरायटरवर हात बसलेल्या कारकुनांना तो आधी जड गेला, कारण त्यांच्या बोटांना वेगळीच ठाणी ठाऊक होती. चिन्हांच्या क्रमांकांचे प्रमाण १९८८ मध्ये ठरले आणि १९९१ मध्ये इस्की या नावाने भारतीय मानक झाले.

या क्रमांकांत एक बारीक शहाणपण होते. क, ख, ग, घ ही चिन्हे वर्णमालेच्याच क्रमाने लावलेली. त्यामुळे देवनागरीचा गंध नसलेल्या डीबेसला नावे ‘चढत्या क्रमाने’ लावायला सांगितली की ती बहुतांशी अकारविल्हे लागून यायची. आडगावकर आधी, हदगावकर शेवटी. शिवाय देवनागरी, तेलुगू अशा भारतीय लिपींना समान क्रमांक असल्याने तीच यादी लिपी बदलून तेलुगूत वाचता यायची. नांदेडच्या पूर्वेकडच्या तालुक्यांना याचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको.

महसुलाच्या कागदांना याची गरज सगळ्यात जास्त होती. १९८८-८९ मध्ये केंद्राने जमिनीच्या नोंदी संगणकावर घ्यायची योजना देशातल्या आठ जिल्ह्यांत प्रयोग म्हणून सुरू केली. महाराष्ट्रातून त्यात वर्धा होता. सातबारा इंग्रजीत नेणे हा पर्यायच नव्हता. खातेदाराचे नाव, पोटखराबा, विहीर, इतर हक्क, हे सगळे मराठीतच हवे. १९९७-९८ पासून ही योजना तहसील पातळीवर न्यायचे ठरले. हदगावच्या बाजूला कापूस, हळद आणि सोयाबीनच्या रानांचे उतारे मशीनवर जाऊ लागेपर्यंत मात्र बाहेरचे जग बदलले होते.

बदलवणारे होते विंडोज. २२ मे १९९० ला आलेल्या विंडोज ३.० ने ८०३८६ ची ताकद पहिल्यांदाच सर्वसामान्यांपर्यंत नेली: अनेक प्रोग्राम, अनेक खिडक्या, एक एमबीच्या वरची मेमरी सरळ वापरात. ऑगस्ट १९९५ च्या विंडोज ९५ नंतर डेस्कव्ह्यूला जागा उरली नाही, ईएमएस कार्डे तर त्याआधीच भंगारात गेली होती. आणि जिस्ट कार्डही. विंडोज पडद्यावर अक्षरे चित्रासारखी स्वतः काढते; २,००० घरांचा तो पडदाच गेला, तिथे बसून वाट पाहणारे कार्ड काय रंगवणार?

सी-डॅकने मग सॉफ्टवेअरची वाट धरली, पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी छापखान्यांत पसरली. अक्षरे सुंदर झाली, वर्तमानपत्रे झपाट्याने डीटीपीवर गेली. पण प्रत्येक कंपनीच्या फाँटचे क्रमांक निराळे. एका दुकानात टाइप केलेली लग्नपत्रिका दुसऱ्या दुकानात उघडली की अगम्य चिन्हांची रांग. कार्डाच्या काळात ‘क्षेत्र’ म्हणजे ठरलेली सात चिन्हे होती. फाँटच्या काळात तो फक्त तुकड्यांनी जुळवलेला आकार उरला, ज्यात ना शोधता येत होते ना क्रम लावता येत होता. मागे वळून पाहता हा आपला खरा तोटा. पंधरा-वीस वर्षांचा मराठी मजकूर अशा फायलींत अडकला आणि युनिकोडमध्ये आणताना पुन्हा तपासावा लागला. गंमत अशी की ऑक्टोबर १९९१ च्या पहिल्या युनिकोडमधला देवनागरीचा क्रम १९८८ च्या त्या भारतीय प्रमाणावरूनच घेतलेला होता. आजच्या मोबाइलवर ‘क्षेत्र’ लिहिले तर साठतात ती तीच सात चिन्हे, त्याच क्रमाने.

डॉसचे प्रोग्राम मात्र सहजासहजी मेले नाहीत. फॉक्सप्रोमध्ये लिहिलेले हिशेब, पतसंस्थांची खाती, आडत दुकानांच्या पट्ट्या, टॅली ४.५, हे सगळे विंडोजच्या आत काळ्या चौकटीत वर्षानुवर्षे चालत राहिले, कारण ८०३८६ चा तो ‘खोटा ८०८६’ अजून आत होता. ६४-बिट विंडोज आले आणि मायक्रोसॉफ्टने ही सोय काढून टाकली. आता ज्यांना जुनी खाती उघडायची असतात ते डॉसबॉक्स टाकतात. हे सॉफ्टवेअर नव्या मशीनच्या आत एक जुना पीसी उभा करते. त्याच्या सेटिंगच्या फायलीत ईएमएसची ओळ असते आणि ती मुळातच चालू ठेवलेली असते. खरे एक्सपांडेड मेमरीचे कार्ड हदगावात क्वचितच कुणी पाहिले असेल. पण जुन्या फॉक्सप्रोने मागितली की डॉसबॉक्स ती मेमरी देते, १६-१६ केबीची चार पाने, १९८५ च्या त्या तपशीलपत्रात लिहिली होती तशीच.